सेंटरमध्ये तलप नव्हती, मग गावात येताच कशी आली?

प्रश्न असा आला आहे : "आमचं गाव खानापूर तालुक्यात. मिस्टर बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला आहेत, मोटरसायकलवरून ये-जा करतात. दारूसाठी त्यांना दीड महिना व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं होतं. तिथं एकदाही आठवण झाली नाही म्हणतात. तब्येत सुधारली, वजन वाढलं. घरी आल्यावर दहाव्या दिवशी, शनिवारी, पगार झाला आणि वाटेत नेहमीच्या ठिकाणी थांबून पिऊन आले. सासूबाई म्हणतात, सगळं नाटक होतं. हे म्हणतात, मला कळलंच नाही, गाडी आपोआप थांबली. कुणाचं खरं मानायचं? आणि गाव सोडून दुसरीकडं राहायला गेलो तर सुटेल का?"

ताई, सासूबाईंचा राग समजतो, पण ते नाटक नव्हतं. केंद्रात आठवण झाली नाही हे खरं असणार, आणि रस्त्यात तलप उसळली हेही खरं. दोन्ही एकाच कारणानं होतं. दारूचं व्यसन आपण माणसाच्या लिव्हरमध्ये, रक्तात, फार तर स्वभावात शोधतो. पण त्याचा मोठा भाग जागेला, वेळेला आणि सोबतीला चिकटलेला असतो. तुम्ही मिस्टरांना केंद्रात नेलंत. तो रस्ता, तो शनिवार आणि ते मित्र इथंच राहिले.

आधी तिथं आठवण का झाली नाही ते सांगतो. तलप किती येणार, हे दारू बंद होऊन किती दिवस झाले यावरच ठरत नाही. ती आता मिळू शकते की नाही, याचा मेंदू सतत अंदाज घेत असतो आणि त्यावर तलप फार अवलंबून असते. इस्रायलमधले मानसशास्त्रज्ञ रूवेन दार यांनी विमानात काम करणाऱ्या, सिगारेट ओढणाऱ्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. विमानात सिगारेट ओढता येत नाही. जवळच्या प्रवासात आणि लांबच्या प्रवासात त्यांची तलप मोजली, तेव्हा दिसलं की विमान उतरायची वेळ जवळ आली की तलप चढते. छोट्या प्रवासाच्या शेवटी जेवढी तलप होती, तेवढेच तास झाले असताना लांबच्या प्रवासात ती कितीतरी कमी होती. सिगारेट सोडून तेवढाच वेळ झालेला, पण उतरायला अजून अवकाश होता, म्हणून मन शांत.

आपल्याकडं हे पटायला विमान लागत नाही. श्रावण पाळणारा माणूस बघा. महिनाभर बाटलीला हात लावत नाही, घरात मांसमच्छी नाही, मित्रही बोलवत नाहीत, कारण "याचा श्रावण आहे". तलपेचा फारसा त्रास नाही. महिना सरत आला की चुळबुळ सुरू. घरचे यावरून निष्कर्ष काढतात की महिनाभर राहू शकतो म्हणजे हा व्यसनी नाहीच, मनात आणलं तर सोडेल. माझ्या मते या एका समजुतीनं आपल्या भागातल्या कितीतरी घरांत उपचाराची वर्षं वाया घालवली आहेत. श्रावणात न पिणं म्हणजे इतकंच की आजूबाजूचं सगळं बदललं तर त्या माणसाचा मेंदू गप्प बसतो. केंद्रातही तेच झालं. फाटकाला कुलूप, खिशात पैसा नाही, संध्याकाळी प्रार्थना. मिळण्याची शक्यता शून्य, म्हणून मागणीही नाही.

आता रस्त्याकडं येऊ. १९९० च्या दशकात वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामाइन हे रसायन बनवणाऱ्या पेशींचं काम नोंदवलं. माकडाला अनपेक्षितपणे फळाचा रस मिळाला की या पेशी जोरात चालायच्या. मग रसाच्या आधी दिवा लावायला सुरुवात केली. काही दिवसांनी पेशी रस मिळाल्यावर नाही, दिवा लागल्यावरच चालू लागल्या. आणि दिवा लावून रस दिलाच नाही, तर नेमक्या रस यायच्या वेळी त्या नेहमीपेक्षाही गप्प झाल्या. तुमच्या मिस्टरांच्या बाबतीत दिवा म्हणजे पगाराचा मेसेज, शनिवारची संध्याकाळ आणि पिरनवाडीकडचं ते वळण. दारू पोटात जायच्या आधीच मेंदूनं उसळी घेतलेली असते. तिथून न थांबता पुढं गेलं तर जे बेचैन वाटतं, काहीतरी राहून गेल्यासारखं, ते त्या गप्प झालेल्या पेशींचं काम. पेशंट ही बेचैनी म्हणजे "शरीराला दारू लागतेय" असं समजतो. दीड महिन्यानं शरीराला दारू लागत नसते.

एक गोष्ट घरच्यांना फार खटकते. "प्यायल्यावर मजा पण येत नाही म्हणतो, मग पितो कशाला?" मिशिगन विद्यापीठातल्या टेरी रॉबिन्सन आणि केंट बेरिज यांनी १९९३ मध्ये मांडलं की मेंदूत आवड आणि ओढ या वेगवेगळ्या यंत्रणा आहेत. व्यसन जुनं होत जातं तशी आवड आटते, ओढ मात्र वाढत राहते, आणि ती खुणांना, म्हणजे दारूची आठवण देणाऱ्या जागा, वेळा आणि माणसांना, बांधलेली असते. म्हणून मजा येत नसतानाही माणूस तिथं जाऊन उभा राहतो. त्याला खोटारडं ठरवून काही हाती लागत नाही.

"गाडी आपोआप थांबली" यातही तथ्य आहे. जे काम हजार वेळा त्याच क्रमानं केलं, ते विचार करणाऱ्या भागाकडून सवयीच्या भागाकडं जातं. बाजारातून निघालेल्या बैलाला घरची वाट दाखवावी लागत नाही, गाडीवान झोपला तरी चालतं. पण "आपोआप" हे पूर्ण खरं नाही, आणि हे मिस्टरांना स्पष्ट सांगायला हवं. साखळी वळणाच्या बरीच आधी सुरू होते.

माझ्या ओपीडीत पेशंटला मी पहिल्या पेगपासून मागं मागं न्यायला लावतो. फाउंड्रीतल्या एका गड्याबरोबर हे केलं तेव्हा तो म्हणाला, दुकानात गेलो, प्यालो, बास. मी विचारलं, त्याआधी? बाहेर लिंबू-मीठ लावलेल्या शेंगदाण्यांची पुडी घेतली. त्याआधी? इंडिकेटर दिला. त्याआधी? गेटवर मित्राचा फोन, "काय करूलालास? येतोस न्हवं?" त्याआधी? बराच वेळ गप्प. मग म्हणाला, घसा कोरडा होता. दिवसभर भट्टीजवळ मोल्डिंगचं काम, दुपारचा डबा साडेबाराला, पाणी पोटभर प्यायचं सुचत नाही, शिफ्ट सुटताना जीव पाण्यासाठी कासावीस. त्या तहानेला वर्षानुवर्षं एकच उत्तर मिळालेलं. त्याची पहिली खूण वळणावर नव्हती, त्याच्या घशात होती. शिफ्ट सुटायच्या आधी तांब्याभर पाणी आणि सोबत नेलेली चटणी-भाकरी, एवढ्यानं त्याचा रस्ता बराच सोपा झाला. सगळा सुटला नाही, सोपा झाला. यात जादू नाही. उपाशी, तहानलेला, चिडलेला किंवा झोप न झालेला माणूस असला की कपाळामागचा, आवर घालणारा मेंदूचा भाग ढिला पडतो आणि खुणांचं फावतं.

मग केंद्रातलं शिक्षण गेलं कुठं? याचं उत्तर मानसशास्त्रज्ञ मार्क बाउटन यांच्या कामात आहे. पिंजऱ्यातल्या उंदराला एखादी खूण आणि बक्षीस यांची सांगड शिकवतात. मग त्याला वेगळ्या वासाच्या, वेगळ्या तळाच्या दुसऱ्या पिंजऱ्यात ठेवून खुणेनंतर बक्षीस देणं बंद करतात. उंदीर खुणेकडं बघेनासा होतो. सुटलं म्हणायचं. पण त्याला पहिल्या पिंजऱ्यात परत आणलं की जुनं वागणं पुन्हा हजर. दारू दिलेल्या उंदरांवरही हे दिसलेलं आहे. याचा अर्थ मेंदू जुनं पुसत नाही. त्याच्यावर नवं लिहितो, आणि ते नवं जिथं शिकलं त्या जागेला बांधून ठेवतो. जागा ओळखण्याचं काम मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग करतो. खानापूर रस्त्याला लागताच तो जुनं पान उघडतो.

त्यात भर म्हणजे, दारू बंद केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत खुणांनी जागी होणारी ओढ कमी होण्याऐवजी वाढत जाऊ शकते. म्हणजे माणूस केंद्रातून तब्येतीनं सगळ्यात चांगला आणि खुणांच्या बाबतीत सगळ्यात नाजूक असा बाहेर पडतो. दहाव्या दिवशी पगार आला आणि घसरले, यात मला नवल वाटत नाही. केंद्रात ठेवणं फुकट गेलं असंही समजू नका. दारू सुरक्षितपणे उतरली, झोप परत आली, डोकं स्वच्छ झालं. फक्त उपचाराचा दुसरा अर्धा भाग गावातच करायचा असतो आणि तो कुणी सांगत नाही.

आपल्या सीमाभागाची यात वेगळीच अडचण आहे. तलप "मिळणार नाही" या खात्रीवर शांत होते, हे वर सांगितलं. इथल्या माणसाला ती खात्री कधी मिळतच नाही. कर्नाटकात ड्राय डे असला तर शिनोळीला गेलं की चंदगड तालुका, म्हणजे महाराष्ट्र. निपाणीवाल्याला कोगनोळीच्या पुढं कागल. जांबोटीवरून चोर्ला घाट उतरला की गोवा, तिथं भाव कमी. कर्नाटकानं २००७ मध्ये सारायी, म्हणजे स्वस्त देशी दारू, बंद केली, ती जागा स्वस्त टेट्रा पॅकनं घेतली, आणि खेड्यात ते पाकीट दुकानाच्या पायरीपर्यंत आलं. निवडणुकीत एका राज्यात दुकानं बंद असतात तेव्हा गाड्या कुठल्या दिशेनं जातात, हे इथं शाळकरी पोरांनाही माहीत आहे. म्हणून "दुकान बंद झालं की सुटेल" यावर मी इथं फारसा विसंबत नाही. मिळण्याची शक्यता सरकार बंद करेल तेव्हा करेल. आपल्याला ती माणसाच्या खिशापाशी आणि रस्त्यापाशी कमी करायची आहे.

त्यासाठी पगाराच्या दिवसापासून सुरुवात करा. पगार बँकेत येत असेल तर खातं जोड खातं करा, फोनवरून पैसे देण्याची मर्यादा मिस्टरांच्या संमतीनं अगदी खाली आणा. संमतीनं हा शब्द महत्त्वाचा. हिसकावून घेतलं तर भांडण होतं, आणि भांडण ही स्वतःच एक खूण आहे. रोख हातात पडत असेल तर त्या दिवशी तुम्ही किंवा मोठा मुलगा गेटवर जा, पाळत ठेवायला नाही, बाजार करायला म्हणून. रस्ता बदला. मोटरसायकल काही महिने घरी ठेवून बसनं किंवा रेल्वेनं ये-जा जमत असेल तर फार चांगलं, कारण बस नेहमीच्या ठिकाणी थांबत नाही आणि तिथून चालत मागं यायला माणसाला विचार करावा लागतो. विचार करायला लागला की निम्मी लढाई त्याच्या बाजूला येते.

तलप आली तर काय? तिच्याशी कुस्ती खेळायची नाही. मानसशास्त्रज्ञ अॅलन मार्लाट यांनी पेशंटना शिकवलं की तलप चढते, टोकाला जाते आणि तिला दारू दिली नाही तर उतरते. बहुतेकांच्या बाबतीत हा खेळ अर्ध्या तासाच्या आत आटोपतो. त्या वेळात छातीत, घशात, हातात काय होतंय ते नुसतं बघायचं, कुणाला तरी फोन लावायचा, पाय हलते ठेवायचे. एक मात्र सांगून ठेवा : हे पहिल्यांदा दुकानासमोर उभं राहून करायचं नाही. "मी तिथं बसेन, कोल्ड्रिंक घेईन, बघा माझा निग्रह" म्हणणारे बरेच भेटतात. खुणांना सामोरं जाऊन त्यांचा जोर कमी करण्याचे उपचार दवाखान्यात करून बघितले गेले आहेत. दवाखान्यात जोर कमी होतो, बाहेर गेल्यावर परत येतो. कारण तेच, जागा बदलली. जुन्या रस्त्यावर नवी सवय बसवायची ती सोबत माणूस घेऊन, पोट भरलेलं असताना, दिवसाउजेडी आणि हळूहळू.

सोबत न्यायची खूण मात्र असावी. केंद्रातला निश्चय केंद्राच्या भिंतींना बांधलेला असतो, त्यातलं काहीतरी अंगावर घेऊन फिरता आलं तर तो रस्त्यातही आठवतो. आपल्या भागात तुळशीची माळ घातलेली माणसं दारू सोडून वर्षानुवर्षं राहिलेली तुम्ही पाहिली असतील. श्रद्धेचा भाग आपल्या जागी आहे. मेंदूच्या बाजूनं बघितलं तर माळ गळ्यात चोवीस तास असते, दर एकादशीला तिची आठवण ताजी होते, आणि गावातला प्रत्येक माणूस ती बघून बाटली पुढं करत नाही. तिन्ही कामं एकदम. माळ नको असेल तर शुक्रवारी-शनिवारी संध्याकाळी भेटणारा सुटलेल्यांचा गट, किंवा केंद्रातल्या सोबत्याचा रोज ठरलेल्या वेळी फोन, यातलं काहीतरी पाहिजे. नुसती शपथ पुरत नाही. शपथ देवळात घेतली तर ती देवळातच राहते.

आता घसरलेच आहेत, तर त्याबद्दल. एकदा प्यायल्यावर माणसाला जे वाटतं, "आता सगळं मातीत गेलं, मग काय राहिलं," त्या विचारानं एका संध्याकाळची आठवडाभराची होते. घरातून "दीड महिन्याचे पैसे पाण्यात गेले" हे ऐकू आलं की तो विचार पक्का. सासूबाईंना एवढंच सांगा की बोलायचं ते सकाळी, शुद्धीत असताना, आणि प्रश्न "का प्यालात" हा नको. "कितीला गेटबाहेर पडलात, कोण भेटलं, काय खाल्लं होतं" हे विचारा. उत्तरात तुम्हाला पुढच्या शनिवारची तयारी सापडेल.

गाव सोडण्याचं विचारलंत. व्हिएतनामच्या युद्धात बरेच अमेरिकन सैनिक तिथं हेरॉइनच्या आहारी गेले होते. १९७१ मध्ये परतलेल्यांचा ली रॉबिन्स यांनी पाठपुरावा केला. तिथं व्यसनात अडकलेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनी झालेले सुमारे ५ टक्केच निघाले. जागा बदलण्याची ताकद एवढी असू शकते. पण नीट बघा, ते सैनिक पूर्ण एक दुनिया मागं टाकून आले होते, आणि नशा त्यांनी त्या दुनियेतच पकडली होती. तुम्ही पुण्याला किंवा गोव्याला गेलात तर फोन, मित्र, पगाराचा दिवस आणि घसा कोरडा करणारं काम बरोबर येणार. दारू तिथंही कोपऱ्यावर आहे. आणि लक्ष्मीच्या यात्रेला किंवा लग्नाला गावी परतलात की जुनं पान तसंच उघडणार, बाहेर काढलेली दोन वर्षंही ते पुसत नाहीत. शेत, घर, मुलांची शाळा मोडून जाण्याचा सल्ला मी देणार नाही. कामाची पाळी बदलून मिळत असेल, किंवा सहा महिने शहरात नात्यातल्या घरी राहून थेट कामावर जाता येत असेल, तर ते जरूर करा. यात्रेच्या चार दिवसांचं आधीच ठरवा, कुठं झोपायचं, कुणासोबत फिरायचं, कितीला निघायचं.

औषधांबद्दल थोडं. नालट्रेक्झोन दारूतून मिळणारी मजा आणि खुणांनी येणारी ओढ काहीशी कमी करतं. अॅकॅम्प्रोसेट दारू बंद झाल्यानंतरची बेचैनी कमी करायला देतात. डायसल्फिरामवर असताना दारू घेतली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब धोकादायक खाली जाऊ शकतो. म्हणून ते पेशंटला सांगून, त्याच्या सहीनंच द्यायचं असतं. "नकळत चहातून द्या, आठवड्यात दारू सुटेल" अशा जाहिराती भिंतींवर आणि फोनवर असतात. त्या पुडीत काय आहे हे तुम्हाला कळणार नाही, आणि हेच औषध निघालं तर जीव जाऊ शकतो. असं काही आणलं असेल तर आजच टाकून द्या.

मिस्टर त्या शनिवारनंतर रोज पीत असतील, तर घरात कोंडून एकदम बंद करू नका. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होऊ शकतो. हात थरथरणं, घाम, नसलेलं काही दिसणं, असं झालं तर सरळ बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात न्या. लांबचा उपचार लागला तर धारवाडची डिमहान्स ही मानसोपचाराची सरकारी संस्था आहे. रात्री-अपरात्री बोलायला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत नंबर आहे. औषध सुरू करण्याआधी लिव्हर आणि किडनीची तपासणी लागते, तेव्हा केंद्रातले रिपोर्ट असतील तर बरोबर न्या. फाउंड्रीत कंबर धरते म्हणून ते दुखण्याच्या गोळ्या घेत असतील तर त्याही पिशवीत टाका, कारण ट्रामाडॉलसारख्या गोळीबरोबर नालट्रेक्झोन चालत नाही.